आपले तळे व त्यातील परके तण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मे महिन्याच्या अखेरीस शाळेच्या पटांगणात भरलेल्या सभेतील आमचे भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, पूर्वीच्या मिशनऱ्यांचे उपकार स्मरावेत आणि शेवटी देणगीदारांचे आभार मानावेत, असा प्रघात आहे. इतिहास आपल्या मास्तरांनी मोठ्या परिश्रमाने लिहून काढला आहे व तो पुस्तिकेत छापला जाईल. आभाराचे काम महोत्सव समिती आमच्याहून चांगले करील. आम्ही आज आपल्या पाझर तलावाविषयी बोलणार आहो. धर्मगुरूने तळ्यातील तणावर व्याख्यान द्यावे हे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु ते तण तळ्यात कसे आले हे ऐकल्यावर या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार, किंबहुना पहिले कर्तव्य, आमचेच आहे हे आपणास पटेल.

हे तळे आपल्या धर्मग्रामापेक्षाही वयाने थोरले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात, जेव्हा गावोगाव रोजगाराची कामे निघाली तेव्हा, ते खोदले गेले. येथे पुढे बसलेल्या आजीबाईंपैकी कित्येकींनी त्याच्या बांधावर डोक्यावरून मातीची टोपली वाहिली आहेत, आणि सुकडी व तांबडी मिलो खाऊन ते दिवस काढले आहेत. आपल्या जिल्ह्यात पाऊस पडतो तो सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरीने. म्हणून पाणी अडवून ठेवणे ही येथे जुनी विद्या आहे. मलिक अंबरच्या काळी जालन्याचा अधिकारी जमशेदखान याने शहराच्या पश्चिमेस मोठा तलाव बांधून जमिनीखालून नळांनी पाणी गावात खेळविले होते. निजामाच्या अमदानीत घाणेवाडीचा जलाशय झाला व त्याचे पाणी केवळ उताराने जालन्यास येऊ लागले. २०१२-१३ च्या टंचाईत काय हाल झाले हे आम्ही सांगावयास नको. फळास आलेल्या मोसंबीच्या बागा सरपणास तोडलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्या वर्षीही आपल्या तळ्याखालच्या विहिरींना फाल्गुनापर्यंत पाणी होते, असे आम्हास येथे आल्यावर सांगण्यात आले. त्या विहिरींतील एक विहीर मिशनची आहे. आपल्या बोर्डिंगातील मुले तिचेच पाणी पितात.

आता आमचा अपराध सांगतो. आम्ही येथे येऊन दुसरे वर्ष होते. मे महिना, पवित्र मारियेचा महिना, जवळ आला होता. गुहेपुढे जो सिमेंटचा लहान हौद आहे त्यात काही शोभा असावी, असे आमच्या मनात आले. शहरातून आम्ही स्वतः तीन रोपे विकत आणली. पाने तकतकीत, देठ फुग्यासारखे, आणि फूल असे की, जांभळ्या रेशमावर मोराच्या पिसातला डोळा काढावा. लोकांनी वाखाणणी केली आणि आम्हासही आनंद झाला. श्रावण येईतो तीन रोपांनी हौद इतका भरला की पाणी दिसेना. तेव्हा जास्तीची रोपे उपटून आम्हीच ती नाल्याकाठी टाकविली. नाल्याकाठी टाकलेले झाड मरून जाईल, एवढाच आमचा विचार. भाद्रपदात एका रात्री मोठा पाऊस झाला, नाला दुथडी वाहिला, आणि नाला कोठे जातो हे आपण जाणताच. पुढच्या वर्षी एक आजीबाई रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे आल्या व कौतुकाने म्हणाल्या, "फादर, आपल्या मरियामाउलीपुढची फुलं तळ्यात आलीत बघा." आम्ही जाऊन पाहिले, आणि फूल तेच होते.

हीच ती जलपर्णी. कोणी तिला केंदाळ म्हणतात, कोणी जलकुंभी. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनचे खोरे. ती जगभर पसरली ती वाऱ्याने वा पाखरांनी फारशी नव्हे. आमच्यासारख्या फुलांच्या शौकिनांनी ती हाताने उचलून नेली. १८८४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे मोठे प्रदर्शन भरले, तेथून लोकांनी रोपे घरच्या हौदांसाठी नेली असे सांगतात. पुढे दहाबारा वर्षांत फ्लोरिडातील नद्यांत आगबोटी अडू लागल्या. तेथल्या लोकांची फजिती इतकी झाली की, १९१० साली लुईझियानाच्या एका प्रतिनिधीने आफ्रिकेतून पाणघोडे आणून ते या तणावर चरावयास सोडावेत, असे विधेयक त्यांच्या कायदेमंडळापुढे मांडले. ते मंजूर झाले नाही, हे देवाचे उपकार. नाहीतर तणाबरोबर पाणघोडेही आवरावे लागते.

आपल्या देशात जलपर्णी १८९० च्या दशकात बंगालमध्ये आली, तीही शोभेची म्हणूनच. पंचवीस वर्षांत तिने तेथील खाड्या, भातखाचरे व तागाच्या होड्यांचे मार्ग व्यापून टाकले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी लोक तिला जर्मन पाना म्हणू लागले, कारण ही शत्रूची करणी असावी असा समज पसरला. आपल्या हौदातून निघालेल्या गोष्टीचे खापर परक्याच्या माथी फोडण्याची मनुष्याची खोड सगळीकडे सारखीच. सरकारने १९२१ साली सर जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. औषध फवारावे की न फवारावे यावर बराच वाद झाला. १९३६ साली कायदा झाला, आणि आपल्या जागेत ही वनस्पती बाळगणे हाच अपराध ठरला. १९३७ च्या निवडणुकीत सर्व पक्षांनी तिच्या निर्मूलनाचे वचन दिले, आणि पुढे गावोगाव लोकांनी पाण्यात उतरून, हातांनी ओढून, तिला बऱ्याच अंशी आवरले. हे आम्ही विस्ताराने सांगितले याला कारण आहे. जो उपाय त्या प्रचंड जलमय मुलखात लागू पडला तो अखेर हातांचाच, पण सर्वांच्या एकवेळच्या हातांचा. आजही पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा, नाशिकची गोदावरी येथे दरवर्षी जलपर्णी काढली जाते व दरवर्षी ती पुन्हा येते. का येते, हे पुढे सांगतो.

प्रथम ओळख पटली पाहिजे. नाहीतर उत्साहाच्या भरात परक्याबरोबर घरचेही उपटले जाईल. गव्हातील निदणाचा दाखला आपणास ठाऊक आहे. तेथे धन्याने चाकरांना थांबविले ते याच भयाने. तळ्यात कमळ आहे, कुमुदिनी आहे, भोई मंडळींनी लावलेला शिंगाडा आहे. ही आपली आहेत. परीक्षा सोपी आहे. पान हाती धरून ओढावे. देठ खाली खाली जाऊन तळाच्या चिखलात रुतलेला लागला, तर ते सोडून द्यावे. सबंध झाड काळसर पिसांसारख्या मुळ्यांसह हलकेच हाती आले, देठ फुगीर व दाबल्यावर स्पंजासारखा लागला, आणि एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवी दोरी गेलेली दिसली, तर ती जलपर्णी. त्या दोऱ्यांवरच तिची लेकरे वाढतात.

गोंडाळ म्हणून दुसरी एक तरंगती वनस्पती आहे. तिला देठ नाही. फिक्या हिरव्या मखमलीची कोबीच जणू पाण्यावर ठेवली आहे, अशी ती दिसते. ती आपल्या देशात फार जुनी आहे, तथापि साचल्या पाण्यात तीही माजते. एका जातीच्या डासाची अळी तिच्या मुळांना चिकटून तेथूनच श्वास घेते, आणि तो डास हत्तीरोग पसरवितो. केरळात चेर्थला भागात १९८० च्या दशकात लोकांनी तळ्यांतून हे तण काढून मासे सोडले. माशांचे पैसे मिळू लागल्यावर तळी स्वच्छ ठेवण्याचा उपदेश कोणास करावा लागला नाही. उपदेश करणे हे ज्यांचे नित्यकर्म, त्या आम्हास हे वाचून थोडे लाजल्यासारखे झाले.

तिसरे एक तण केरळात फार आहे, त्याचे शास्त्रीय नाव साल्व्हिनिया. पाने जोडीजोडीने, मधोमध दुमडलेली, वरून बारीक केसांची. त्यास फूल येत नाही. आपल्याकडे कोणास असे काही दिसले तर काढून टाकण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रास दाखवावे. कित्येक शेतकरी गुरांसाठी खड्ड्यात अझोला वाढवितात, तो निराळा. पण खड्ड्यातला अझोला खड्ड्यातच राहू द्यावा, एवढे आमच्या अनुभवावरून सांगतो. काठावरच्या बेशरमाबद्दल काय सांगावे! तोही दक्षिण अमेरिकेचाच पाहुणा. त्यास गुरे तोंड लावीत नाहीत, आणि त्याची तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली की तेथेच रुजते. नाव मात्र लोकांनी अचूक ठेवले आहे.

आता जलपर्णीने नेमके बिघडते काय? तिचा थर दाट झाला म्हणजे पाण्यावर ऊन पडत नाही, खालची हिरवी सृष्टी मरते, प्राणवायू कमी होतो व मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. भोई मंडळींची जाळी त्यात गुंततात. पाण्यावर झाकण पडल्याने पाणी कमी उडेल असे काहींनी आम्हास म्हटले, तसे नाही. तिची रुंद पाने पाणी शोषून हवेत सोडीतच असतात, व बहुतेक प्रयोगांत उघड्या पाण्याहून तिने व्यापलेले पाणीच अधिक उडाले आहे. ज्या मुलखात शेततळ्यास कागद अंथरून थेंब थेंब राखावा लागतो, तेथे ही चोरी लहान नव्हे. मेलेली पाने तळाशी बसून गाळ वाढवितात, आणि पाझर तलावाचा तळ गाळाने लिंपला गेला म्हणजे तो पाझरत नाही. मग खालच्या विहिरींचे पाणी का घटले याचा शोध आपण आकाशात घेतो.

आम्ही काय काय केले व कसे फसलो, हे सांगणे अधिक उपयोगाचे होईल. पहिल्या वर्षी तरुण मंडळींनी एका रविवारी दिवसभर खपून तळे साफ केले. दाट भरलेल्या एका हेक्टरातून दोनशे टनांहून अधिक ओले तण निघू शकते, आणि त्यात शेकडा नव्वदाहून अधिक पाणीच असते. तेव्हा त्यांचे श्रम काय झाले असतील याची कल्पना करावी. फोटो निघाला. तो पुस्तिकेत घालावा असे समितीचे म्हणणे होते; आम्ही नको म्हटले. कारण काढलेला ढीग आम्ही बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्यापासून दहा हातांवर रचविला होता. आठ दिवसांनी पाऊस आला, पाणी चढले आणि अर्धा ढीग पुन्हा तरंगू लागला.

दुसऱ्या वर्षी औषध फवारण्याची सूचना आली. तणनाशकाने जलपर्णी मरते, हे खरे. परंतु मेलेला सबंध थर एकदम कुजून पाण्यातील उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो. शिवाय ज्या पाण्याखाली पिण्याच्या विहिरी आहेत तेथे विषाचा प्रयोग करावयाचा कसा? तरीही आम्ही डळमळत होतो. तेव्हा आपल्यातील एका कपाशीवाल्या शेतकऱ्याने आमचे डोळे उघडले. रुंद पानांच्या तणावर जे टू-फोर-डी नावाचे औषध मारतात, त्याचा नुसता वारा कपाशीस लागला तरी तिची पाने पंजासारखी आखडतात. शेजाऱ्याने ज्वारीत ते मारले त्या वर्षी त्याची दोन एकर कपाशी अशीच गेली होती. तळ्याभोवती चहूकडे कपाशी. तो विचार आम्ही तेथेच सोडला.

किड्याचाही एक उपाय आहे. दक्षिण अमेरिकेतील दोन जातींचे लहान सोंडे किडे, लांबीने अर्ध्या सेंटिमीटराहून किंचित कमी, जलपर्णीवरच जगतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते बंगळूर येथे आणून, अन्य पिकांस अपाय करीत नाहीत याची खात्री करून, तळ्यांत सोडले गेले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकात त्यांनी मोठे काम केले. पण त्यास काही वर्षे लागतात, व बारमाही पाणी लागते. आपले तळे वैशाखात आटते. तण वाळले की किडाही गेला. मोठ्या धरणास जो उपाय योग्य तो आपणास नव्हे.

तळे आटते, हाच तर आमचा तिसरा व सर्वांत मोठा भ्रम. तिसऱ्या वर्षी उन्हाळा कडक होता. तळ्याची भेगाळलेली भुई पाहून दुःखातही आम्हास एक समाधान वाटले की, चला, पीडा गेली. मिस्सेच्या वेळी आम्ही तसे बोलूनही दाखविले. आषाढात पाणी आले, आणि काठाच्या चिखलात गवतासारखी चिंचोळी पाती हजारोंनी उगवली. कोणीही ती ओळखली नाही, आम्हीही नाही. जलपर्णीचे बीपासून उगवलेले रोप आरंभी तसेच दिसते. त्यास फुगीर देठ नसतो, गोल पान नसते. महिनाभरात ती पाती सुटून तरंगू लागली तेव्हा उमगले.

याचे इंगित असे. फूल ओसरले की त्याचा दांडा वाकून पाण्यात बुडतो व बोंडातील बी, एकेका बोंडात कित्येक वेळा शंभराहून अधिक, तळाशी जाऊन बसते. ते बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. पाणी ओसरून गाळास ऊन लागले व पुन्हा ओल मिळाली की ते रुजते. म्हणजे ज्या उन्हाळ्यास आपण तणाचा मृत्यू समजतो, तो त्याच्या बियांचा पेरणीपूर्व हंगाम आहे! बारमाही नदीकाठच्या लोकांना हा प्रकार इतका भोवत नाही. तळे दरवर्षी आटणाऱ्या आपणास तो भोवतो. म्हणून आपला उपाय त्यांच्याहून निराळा असला पाहिजे, आणि तो उन्हाळ्यातच सुरू झाला पाहिजे.

त्यासाठी यंदा ग्रामपंचायतीची संमती घेऊन तळ्याच्या पूर्व कोपऱ्यातील गाळ काढणे चालू आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून तण लोटत जाऊन पूर्वेच्या काठास दाटते. फुले तेथे, बीही तेथेच अधिक. सबंध तळे उकरणे आपल्या शक्तीबाहेरचे, पण तो कोपरा आहे. तो गाळ कोरडवाहू शेतात घालावा. उत्तम खत आहे, व कोरड्या रानात त्या बियांची मात्रा चालणार नाही. मात्र भातखाचरात, शेततळ्याजवळ वा नाल्याच्या काठी त्याची एकही ट्रॉली रिकामी होता कामा नये. आपला नाला पुढे दुधनेस मिळतो, दुधना पूर्णेस, व पूर्णा गोदावरीस. आमच्या हौदातली तीन रोपे एवढा प्रवास करावयास समर्थ आहेत.

आणि आता ज्या गोष्टीमुळे समितीतील काही मंडळी आमच्यावर थोडी नाराज आहेत, ती. जलपर्णी अनुकूल पाण्यात एका पंधरवड्यात, आणि अतिअनुकूल पाण्यात एका आठवड्यात, दुप्पट होते. आमच्या नजरेतून सुटलेली दहा रोपे धरा. पंधरवड्यास दुप्पट या हिशेबाने बारा आठवड्यांत त्यांची सहाशे चाळीस होतील. एक दिवसात दोन माणसे ती काढू शकतात. आठवड्यास दुप्पट झाली तर तेवढ्याच अवधीत चाळीस हजार नऊशे साठ. आमच्या शाळेतील मुलांनी फळ्यावर हा हिशेब करून पाहिला व त्यांस तो खरा वाटेना. हा जो पंधरवडा आणि आठवडा यांतील फरक, तो कशाने पडतो? पाण्यातील नत्र व स्फुरद यांनी. आणि ते येते कोठून? शेतातून वाहून आलेल्या खतातून काही; पण मुख्यतः गावच्या नाल्यातून, न्हाणीघराच्या, भांड्यांच्या व गोठ्याच्या पाण्यातून. आम्ही मुद्दाम नाल्याने चालत वर गेलो. गावची गटारे त्यास मिळतात, ती मिळतातच. पण तळ्याच्या सर्वांत जवळ, सर्वांत जाड धारेने जे सांडपाणी नाल्यात पडते, ते आपल्या बोर्डिंगाचे आहे.

म्हणजे तण आम्ही आणले, आणि इतकी वर्षे त्यास जेवू घातले तेही आम्हीच. आपण दरवर्षी तळ्यातून त्यास काढतो व नाल्याने पुन्हा ताट वाढतो. शहरांच्या नद्यांतून जलपर्णी हटत नाही याचे कारण तरी दुसरे काय आहे?

महोत्सवाच्या वर्गणीतून रस्त्यावर दगडी कमान उभारावी असे समितीचे ठरले आहे. कमान सुंदर होईल. नकाशा आम्ही पाहिला आहे. तरी आमची विनंती आहे की, त्या रकमेतून प्रथम बोर्डिंगाच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यावेत, आणि उरेल त्यात जी कमान होईल ती करावी. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली व डासांपासून सुटका करून घेतली. जे एका सबंध गावास साधले ते एका बोर्डिंगास साधू नये काय? आपली जमीन काळी, तीत पाणी लवकर मुरत नाही. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल गेला पाहिजे, व त्याच्या तोंडाशी राख-केस-साबण अडविणारी कुंडी पाहिजे, ती दर आठवड्यास साफ झाली पाहिजे. हे काम दिसावयाचे नाही. त्यावर कोणाचे नाव कोरता येणार नाही, आणि पाहुणे आले तर दाखवावयास काहीच नसेल, हे आम्ही जाणतो. वर्गणी तुमची आहे, निर्णय तुमचा आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर समिती बसेल तेव्हा आम्ही आमचे एकच मत देऊ.

काहीजण विचारतात की जलपर्णीचा काही उपयोग करता येणार नाही काय? येतो. शेणमातीच्या थरांत रचून, उलथापालथ करून चांगले खत होते. फुलावर आलेली झाडे मात्र त्यात घालू नयेत, ती वाळवून खोल पुरावीत. कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली असेल तर ती खतासही नको, गुरांसही नको, कारण ती पाण्यातील जड धातू शोषून ठेवते. तिच्या देठांच्या टोपल्या विणतात, कागद करतात, असेही वाचनात येते. आमचे मत विचाराल तर, ज्याचा धंदा तणावर बसला तो शेवटचे रोप कधीच काढणार नाही. आणि आपणास काढावयाचे आहे ते शेवटचेच रोप.

ते काम पावसाळ्याचे. पहिले पाणी आल्यापासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्यास कोणीतरी तळ्यास पूर्ण फेरी घातली पाहिजे. चिखलातील ती चिंचोळी पाती कोवळी असतानाच उपटली पाहिजे. प्रत्येक वाडीने एकेक आठवडा घ्यावा, असे आम्ही सुचवितो. सांडव्याच्या तोंडाशी व नाला जेथे तळ्यात शिरतो तेथे दोरखंडाला बांबू बांधून तरंगती आड घालावयाची आहे, म्हणजे तण तेथे अडून सापडेल. आणि हे एक वर्ष नव्हे. बी पंधरा-वीस वर्षे टिकते, हे आम्ही सांगितले. धर्मगुरू एका ठिकाणी तितकी वर्षे राहत नाही, हे तुम्ही जाणता. आमची बदली केव्हाही होईल. आमच्यामागून येणाऱ्या फादरांस या फेरीची माहिती असेलच असे नाही. तेव्हा ही फेरी आमच्या वहीत न राहता तुमच्या घरात राहावी, अशी आमची इच्छा आहे. गुहेपुढचा हौद आम्ही गेल्या आठवड्यात फोडून त्यात माती भरली आहे. आता तेथे मोगरा लावू.

येत्या शनिवारी सकाळी सहा वाजता, ऊन चढण्यापूर्वी, पूर्व कोपऱ्यावर जमावयाचे आहे. मृग लागण्याच्या आत तो गाळ हलला पाहिजे. ज्यांच्याकडे दाताळे, घमेली व दोर असतील त्यांनी आणावेत. ट्रॅक्टर तिघांनी देऊ केले आहेत, आणखी एक मिळाल्यास बरे होईल. पायात बूट घालावेत. वाळलेल्या तणाच्या ढिगात पाणदिवड असते ती निरुपद्रवी; पण घोणसही असू शकते, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने ढीग हलवावा. मधल्या खड्ड्यात अजून पुरुषभर पाणी आहे, मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. भाकरी बोर्डिंगात होईल. पिठले आम्ही सांगितले आहे.